पुढाऱ्याच्या कशावर हसावे?

राजकीय विनोद करणाऱ्या कलाकारांची जीभ फार सैल सुटली आहे का, असे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांतील पाच पत्रे, थोडी संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि सदाशिव पेठेत राहते. परवा नातू मोबाइलवर एका विनोदी कलाकाराचा कार्यक्रम पाहत होता. सुरुवात एका मंत्र्यांच्या कारभारापासून झाली आणि ती ऐकून मलाही हसू आले. पुढे मात्र तो कलाकार त्यांच्या पोटावर घसरला, मग त्यांच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलावर आणि शेवटी त्यांच्या दिवंगत पत्नीवर. मी ते बंद करायला सांगितले, तर नातू म्हणाला, ‘आजी, मंत्री आहेत ते. त्यांच्यावर नाही हसायचं तर कुणावर?’ त्या मंत्र्यांच्या पक्षाला मी आयुष्यात कधी मत दिलेले नाही. तरीही मला ते ऐकवले नाही. आमच्या काळी विनोद निर्मळ होता. हल्लीचे हे लोक मर्यादा सोडून बोलतात, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : वाटते. मात्र कारभारावरचा विनोद ऐकून आपल्यालाही हसू आले, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि माझ्या मते या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. तो भागही काही सौम्य नसणार. म्हणजे विनोदाचा तिखटपणा आपल्याला खुपला नाही, त्याने हात कशाला घातला ते खुपले. मंत्र्याने घेतलेला निर्णय, दिलेले आणि मोडलेले आश्वासन, बदललेला पक्ष, फाइलवर केलेली सही, सभेत ठोकून दिलेली थाप यांवरचा विनोद कितीही बोचरा असला, तरी तो अति झाला असे म्हणायला मी तयार नाही. या गोष्टी त्यांनी स्वतः केल्या, आपल्या नावाने केल्या आणि पुष्कळदा आपल्या पैशाने केल्या. पोट, रंग, हेल, जात, आजारपण किंवा घरातला मृत्यू यांपैकी काहीही त्यांनी आपल्यावर राज्य करण्यासाठी केलेले नाही, आणि त्यावर हसून त्यांच्या राज्यकारभाराविषयी आपल्याला नवे काहीही कळत नाही.

ही मर्यादा माझी किंवा आपली खासगी आवडनिवड आहे असेही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अब्रुनुकसानीच्या व्याख्येला काही अपवाद जोडलेले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही ते कायम आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातील वर्तनाविषयी, आणि त्या वर्तनातून त्याचा जो स्वभाव दिसून येतो त्याविषयी, सद्भावनेने व्यक्त केलेले कोणतेही मत अब्रुनुकसानी ठरत नाही, असे त्यांतला एक अपवाद सांगतो. आणि लगेच पुढे बजावतो की ही मुभा तेवढ्यापुरतीच आहे, त्यापलीकडे नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांसमोर मोबाइल नव्हता, पण माणसाचे काम आणि माणसाचे घर यांतला फरक त्यांना नीट ठाऊक होता.

आपल्या काळचा विनोद निर्मळ होता, हे मात्र मला मान्य करता येत नाही. विशेषतः पुण्यात राहून तर नाहीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुल्यांवर लिहिताना त्यांच्या विचारांइतकीच त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीही टर उडवली. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले होते, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या माणसाच्या व्याकरणावर हसणे हा निर्मळ विनोद नव्हता. आगरकर जिवंत असताना याच शहरातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. तिला हसणारे पुष्कळ होते आणि आगरकर एकटे होते, हे विसरून चालणार नाही. १९२० च्या दशकात गणेशोत्सवातील छत्रपती मेळा आणि सन्मित्र मेळा या गाणाऱ्या पथकांच्या पदांतून ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची जी निर्भर्त्सना होत असे, ती आज कोणी रंगमंचावर म्हटली तर दुसऱ्या दिवशी शहर बंद होईल. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या १९२५ सालच्या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर इतके जहाल लिहिले होते की त्यावर पुण्यात अब्रुनुकसानीचा खटला झाला, खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्या, आणि अपिलात डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडल्यावर आरोपी सुटले. जुन्या विनोदातला जो भाग चांगला होता तेवढाच आपल्यापर्यंत पोचला, बाकीचा विस्मरणात गेला, म्हणून तो सगळाच निर्मळ वाटतो.

विस्मरणाची दुसरीही एक बाजू आहे आणि मला ती अधिक चिंतेची वाटते. बाळासाहेब ठाकरे जाहीर सभांतून शरद पवारांना ‘मैद्याचे पोते’ म्हणत, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही माहीत असते. पण पवारांच्या नेमक्या कोणत्या निर्णयावर ती टीका होती, हे विचारले तर राजकारण कोळून प्यालेला माणूसही अडखळेल. त्या शब्दांनी पवारांचे राजकीय नुकसान काडीचे झाले नाही. दोघांची मैत्रीही टिकली. त्या हशामागे टीकेचा मुद्दा मात्र पार पुसला गेला. शरीरावर केलेल्या विनोदाने नेहमी असेच होते. मंत्री सुटतात आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात.

येथे एक शंका कोणीही घेईल. व्यंगचित्रकार तर नाक, पोट, टक्कल यांवरच जगतात. मग त्यांचे काय? आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात काढलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी इंदिरा गांधींचे नाक वर्षानुवर्षे लांबवून काढले. परंतु त्या चित्रांत नाकाचे काम केवळ ओळख पटवण्याचे होते. आरोप चित्रात दुसरीकडे, त्यांच्या हातातल्या वस्तूत किंवा समोर ताटकळणाऱ्या सामान्य माणसाच्या चेहऱ्यात असे. नाक झाकले तरी त्या चित्रातला विनोद उरतो. आपण पाहिलेल्या कार्यक्रमातून पोट, हेल आणि दिवंगत पत्नी वगळली, तर त्या उत्तरार्धात काय उरते, हे नातवालाच विचारून पाहावे. कार्यक्रम बंद करायला लावण्याऐवजी त्याच्याशेजारी बसून पूर्ण पाहावा आणि प्रत्येक हशानंतर, ‘यातून मंत्र्यांच्या कामाबद्दल तुला काय कळलं?’ एवढेच विचारावे. आपण आयुष्यभर वर्गात हेच करत आला असाल.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. धनकवडीत राहतो, दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि आठवड्यातून एकदोन संध्याकाळी बाणेर आणि कोरेगाव पार्कच्या कॅफेंमध्ये ओपन माइक करतो. माझा पाच मिनिटांचा एक सेट आमच्या भागातल्या एका इच्छुक पुढाऱ्यावर आहे. त्याचा मजकूर सोबत जोडला आहे. फ्लेक्स, खोदलेले रस्ते, पाण्याचा टँकर या सगळ्यावर लोक हसतात, पण सर्वांत मोठा हशा येतो तो त्याच्या बोबड्या बोलण्याची नक्कल केली की. काही मित्र म्हणतात, तेवढे काढून टाक. पण त्या माणसाकडे पैसा आहे, माणसे आहेत. माझ्याकडे फक्त माइक आहे. मग मी त्याला दयामाया का दाखवायची?

उत्तर : दयामाया दाखवू नका. तुमच्या सेटबद्दल माझी तक्रार उलट अशी आहे की तो या माणसाला फार स्वस्तात सोडतो.

तुमचा मजकूर दोनदा वाचला. त्यातली सर्वांत चांगली जागा टँकरची आहे. सोसायटीत आठवडाभर पाणी नाही, अखेर टँकर येतो, आणि त्याच्या पाठीवर या माणसाचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘सौजन्य’ असे लिहिलेले. मग तुम्ही म्हणता, ‘पाणी संपलं तरी साहेब संपत नाहीत.’ हे वाक्य जबरदस्त आहे. पुण्याच्या कडेच्या भागांत राहणाऱ्या प्रत्येकाने तो टँकर पाहिलेला आहे, आणि पाणी न मिळणे हेच ज्याच्या प्रसिद्धीचे साधन झाले आहे अशा पुढाऱ्याचे अख्खे राजकारण त्या एका चित्रात सापडते. पण तिथे तुम्ही जेमतेम दोन वाक्ये थांबता आणि लगेच बोबड्या आवाजात शिरता. तो आवाज पुढे दीड मिनिट चालतो. त्या दीड मिनिटात हशा भरपूर आहे, पण पुढारी कुठेच नाही. बोबडे बोलणारा कोणीही माणूस तिथे उभा केला, किराणा दुकानदार असो की तुमचा चुलत भाऊ असो, तरी ते दीड मिनिट जसेच्या तसे चालेल. ज्या विनोदात माणूस बदलला तरी हशा बदलत नाही, तो विनोद त्या माणसावर नसतोच.

नक्कल करू नका, असेही मी म्हणत नाही. नक्कल ही राजकीय विनोदाची फार जुनी आणि फार चांगली सोय आहे. तमाशातल्या सोंगाड्याने पाटील आणि फौजदार याच आयुधाने उभे केले. फक्त त्या माणसाने जे स्वतः निवडले आहे त्याची नक्कल करा. टँकरसमोर फोटोसाठी उभे राहताना तो पाइप हातात कसा धरतो. रस्ता तिसऱ्यांदा खोदला जात असताना भूमिपूजनाचा नारळ तो कसा फोडतो. महापालिकेच्या, म्हणजे आपल्याच करातून आलेल्या निधीबद्दल ‘माझ्या माध्यमातून’ असे तो किती वेळा म्हणतो. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हाही त्याच्या फ्लेक्सवर ‘भावी’ हा शब्द कसा झळकत होता. हे सगळे त्याचे स्वतःचे आहे. यावर हशा मिळवायला कष्ट पडतील, पहिले चारपाच प्रयोग कदाचित थंड जातील. पण जमले तर तो हशा फक्त त्याचाच असेल.

माइकची ताकद कमी आहे, हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच ती कशावर खर्च करायची याचा हिशेब ठेवा. तुमच्या सेटची तीस सेकंदांची क्लिप कोणी फिरवली तर टँकर कापला जाईल आणि बोबडा आवाज तेवढा राहील. मग तो पुढारी पत्रकार परिषद घेऊन सांगेल की वाचादोष असलेल्या माणसाची कुचेष्टा झाली, आणि ते खरे असल्यामुळे तुमच्याकडे उत्तर नसेल. पाण्याचा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारणार नाही. आणखी एक गोष्ट : त्या कॅफेत चाळीस खुर्च्या असतात आणि त्यांपैकी एखाद्या खुर्चीत, शाळेत तोंड उघडायला घाबरलेला एखादा मुलगा बसलेला असू शकतो. पुढाऱ्यावर उगारलेला फटका त्यालाच जास्त लागतो.

राज ठाकरे यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एकही उमेदवार उभा न करता ज्या सभा घेतल्या, त्या तुम्ही अभ्यास म्हणून पाहा. त्यांच्या राजकारणाशी सहमत असण्याची गरज नाही. मेळघाटातील हरिसाल हे देशातील पहिले डिजिटल गाव असल्याची जाहिरात त्यांनी पडद्यावर दाखवली आणि त्या जाहिरातीत झळकलेला तरुणच व्यासपीठावर उभा केला. विरोधकाचे स्वतःचे शब्द, स्वतःचे चित्र आणि शेजारी वस्तुस्थिती. सभा हसली ती या विसंगतीला, आणि लोकांच्या लक्षात राहिले तेही हेच.

शेवटी एक सावधगिरी. ‘टँकर ह्याच्याच मेव्हण्याचे आहेत’ असे एक वाक्य तुमच्या मजकुरात आहे. त्याला कागदाचा आधार असेल तर ते ठेवा, कारण मग तेच तुमच्या सेटचे शिखर आहे. नुसते ऐकीव असेल तर आजच काढा. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध जी पत्रे छापली ती बनावट निघाली, आणि हेतू चांगला असूनही दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. विनोदात मांडला म्हणून खोटा आरोप खरा होत नाही.

प्रश्न : मी हडपसर भागातला एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. आमच्या नेत्याची कोणी स्टेजवरून टिंगल केली तर आमचे रक्त सळसळते. स्टुडिओ फोडणे चूक असेल, पण पोलिसांत गेलो तरी तुम्ही लोक अभिव्यक्तिस्वातंत्र्य सांगता. मग आम्ही करायचे तरी काय? अपमान गिळायचा?

उत्तर : ज्याच्यासाठी सतरंज्या उचलल्या, उन्हातान्हात पत्रके वाटली, त्याची खिल्ली उडवली गेली की जिव्हारी लागते. तुमच्या या भावनेला मी खोटे ठरवणार नाही. तरीही तुमच्यासारख्यांनी आजवर काय केले आणि त्याचे काय झाले, हे आधी पाहू.

मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केले. ते जिथे चित्रित झाले होते त्या खारच्या स्टुडिओची शिवसैनिकांनी तोडफोड केली, दुसऱ्याच दिवशी मुंबई महापालिकेने तिथल्या काही बांधकामावर हातोडा चालवला आणि गुन्हेही नोंदले गेले. त्या गाण्यात माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ‘गद्दार’ हा राजकीय आरोप आहे. जून २०२२ पासून विरोधक तो प्रत्येक सभेत करत आले आहेत आणि शिंदे यांचे समर्थक ‘उठाव’ म्हणून त्याला प्रत्युत्तर देत आले आहेत. त्यावर गाणे होणारच, आणि व्हावे. दाढी, चष्मा आणि ठाण्याची रिक्षा ही दुसरी गोष्ट. ती ओळख पटवण्यापुरती होती असे कोणी म्हणेल. पण रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाला तो टोमणा आपल्यावर आला असे वाटले, तर मी त्याला चुकीचे म्हणणार नाही. कष्टाच्या धंद्याचा उल्लेख हशासाठी करणे मला पसंत नाही. या फरकावर वर्तमानपत्रांतून चांगली चर्चा होऊ शकली असती. खुर्च्या मोडल्यावर ती शक्यता संपली, कामरा चूक की बरोबर हा प्रश्नच मागे पडला, आणि ज्यांनी ते गाणे ऐकलेही नव्हते त्यांनी ते मुद्दाम शोधून ऐकले.

हे एकाच पक्षाचे दुखणे आहे असे समजू नका. मे २०२२ मध्ये, महाविकास आघाडीचे सरकार असताना, अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवारांविषयीचा एक मजकूर फेसबुकवर टाकला. त्यात आजारपणाचा आणि चेहऱ्याचा जो उल्लेख होता तो मला आजही अत्यंत हीन वाटतो. कर्करोगाशी झुंजलेल्या माणसाबद्दल कोणीही असे लिहू नये. पण त्यासाठी त्यांना अटक झाली आणि महिनाभराहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले, ते त्या मजकुरापेक्षा अधिक गंभीर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या राजवटीत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर तर राजद्रोहाचे कलम लावले गेले होते. सत्तेत कोण आहे यावरून फक्त कोणाच्या विनोदाला अटक होणार हे बदलते. आज तुमच्या बाजूने वापरलेले कलम उद्या तुमच्याच गावातल्या, तुमच्याच पक्षाच्या एखाद्या शाहिरावर लावले जाईल.

कायदा काय सांगतो तेही ऐका. अब्रुनुकसानीची फिर्याद ज्याची अब्रू गेली त्याने न्यायालयात द्यायची असते. त्याच्या वतीने रस्त्यावर कोणी ती वसूल करावी अशी तरतूद नाही. २८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे खारच्या त्या प्रकारानंतर आठवडाभरातच, सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून नोंदलेल्या गुन्ह्याच्या प्रकरणात निकाल दिला. शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर आणि समंजस माणसाची कसोटी लावावी, कच्च्या मनाच्या आणि टीकेने लगेच डळमळणाऱ्या माणसाची लावू नये, असे त्यात म्हटले आहे. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली होती.

तुमचा प्रश्न उरतोच : मग करायचे काय? मे २०१२ मधला प्रसंग तुम्हाला आठवत असेल. एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. संविधानाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. संविधानाला लागणाऱ्या वेळेवर ते चित्र होते, हे खरे. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खरोखरच चाबूक खाल्ला, त्यांना बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक पाहून काय वाटले असेल हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तो आक्षेप वजनदार होता, संसदेत मांडला गेला, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुस्तकांतील व्यंगचित्रांचा फेरविचार झाला. समितीचे सगळेच म्हणणे मला पटलेले नाही, पण तक्रार ऐकली जाण्याचा तो रस्ता होता. त्याच दिवसांत पुण्यात काहींनी विद्यापीठात जाऊन, पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या खोलीची मोडतोड केली. पळशीकरांनी सल्लागारपद आदल्याच दिवशी सोडले होते. त्या मोडतोडीने आक्षेपात कणभरही भर पडली नाही.

तुम्ही पत्रक काढा, सभा घ्या, त्या कलाकाराच्या कार्यक्रमावर बहिष्कार घाला, दाराबाहेर शांतपणे निषेधाचा फलक धरा. तुमच्या नेत्याच्या आजारपणावर किंवा जातीवर बोलले गेले असेल तर नेमके तेच वाक्य लोकांसमोर ठेवा. पुण्यातला विरोधी पक्षाचा मतदारही त्या वाक्याला नापसंती दर्शवील. आणि विनोद त्यांच्या कामावर असेल, तर ते काम कसे झाले याची आकडेवारी घेऊन उत्तर द्या. उत्तर नसेल तर नेत्याकडे जा आणि त्यांना विचारा. कार्यकर्त्याचा तेवढा हक्क आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे विनोदवीर राष्ट्राध्यक्षांना काहीही बोलतात आणि कोणाला काही वाटत नाही. हे खरे आहे का? औंधहून एक वाचक.

उत्तर : कायद्यापुरते बव्हंशी खरे आहे. ‘हसलर’ या मासिकाने धर्मोपदेशक जेरी फॉलवेल आणि त्यांच्या आईविषयी अतिशय किळसवाणे विडंबन छापले होते, आणि १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. पण कोणाला काही वाटत नाही हे खरे नाही. २०१८ साली व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत मिशेल वुल्फ यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्या सॅरा सँडर्स यांच्यावर जे विनोद केले, त्यांवरून एवढा वाद झाला की पुढच्या वर्षी विनोदी कलाकाराऐवजी इतिहासकार रॉन चेर्नो यांना बोलावले गेले. त्यांतला सर्वाधिक गाजलेला विनोद सँडर्स यांच्या डोळ्यांच्या रंगभूषेच्या आडून त्या खोटे बोलतात असे सुचवणारा होता. खोटे बोलण्याचा आरोप बाजूला पडला आणि वाद रंगभूषेवर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर केलेल्या टिप्पणीवरून, आणि सरकारी नियामकाने जाहीर इशारा दिल्यावर, विनोदी कलाकार जिमी किमेल यांचा कार्यक्रम वाहिनीने काही दिवस थांबवला होता. मुलाला हेही आठवत असेल.

प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहाचा मी प्रमुख आहे, वय ६१, राहणार सहकारनगर. पुतण्या एका महिला आमदारांची संगणकावर बनवलेली अश्लील चित्रे ‘विनोद’ म्हणून टाकतो. घरातल्या बायका गप्प बसतात. मी बोललो तर ‘काका, तुम्हाला विनोद कळत नाही’ म्हणतो. यात मी कायद्यात अडकू शकतो का?

उत्तर : सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ समूहप्रमुख आहे म्हणून माणूस दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले आहे. पुतण्याला मात्र ते संरक्षण नाही; अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

पण तुमच्या पत्रात मला कायद्यापेक्षा ‘घरातल्या बायका गप्प बसतात’ हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. पुरुष पुढाऱ्यावर विनोद करताना निदान अधूनमधून त्याच्या कामाची आठवण होते. स्त्री राजकारणात आली की पहिल्या वाक्यापासून तिचे शरीर, तिचे कपडे आणि तिचे चारित्र्य एवढेच विषय उरतात, मग ती कोणत्याही पक्षाची असो. त्या आमदारांनी विधानसभेत काय मत दिले, मतदारसंघात काय केले किंवा केले नाही, याचा त्या चित्रांशी काही संबंध नाही. तुमच्या घरातल्या स्त्रिया हे पाहतात आणि चारचौघांत पुढे आलेल्या बाईचे काय होते, हे त्यांना न सांगता समजते. म्हणून त्या गप्प आहेत.

समूहावर त्याला सर्वांदेखत झापू नका. तो हट्टाला पेटेल आणि बाकीचे तमाशा पाहतील. फोन करा, शक्य असेल तर घरी बोलवा, आणि ती चित्रे त्याच्याच आईसमोर उघडून दाखवायला सांगा. त्या आमदारांच्या कामावर त्याला राग असेल तर तो त्याने समूहावर जरूर लिहावा, कितीही कडक शब्दांत लिहावा. चित्रे मात्र आजच काढायला सांगा. त्याने ऐकले नाही, तर त्या चित्रावर बोट दाबून ठेवल्यावर समूहप्रमुखाला ‘सर्वांसाठी काढून टाका’ हा पर्याय मिळतो. तो वापरा आणि आपण ते का काढले हे एका वाक्यात, स्वतःच्या नावाने, समूहावर लिहा.